अभ्यास मुलाचा, घडी घराची

मुलाच्या अभ्यासाकडे पालकांनी लक्ष द्यावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते कोठे द्यावे आणि कोठे देऊ नये, याविषयी मात्र घरोघरी गोंधळ असतो. संध्याकाळी वह्या तपासणे, प्रश्नोत्तरे घोकून घेणे आणि घटक चाचणीत गुण कमी पडले की शिकवणी लावणे, एवढ्यात बऱ्याच घरांचे लक्ष संपते. या विषयावर झालेले अभ्यास वेगळ्या दिशेला बोट दाखवतात. चार्ल्स डेसफोर्जेस या इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञांनी तेथील सरकारसाठी २००३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. पालक शाळेच्या कार्यक्रमांना किती वेळा हजर राहतात यापेक्षा घरात मुलाशी काय बोलणे होते आणि त्याच्याकडून कसल्या अपेक्षा धरल्या जातात, याचा परिणाम त्यात मोठा दिसला. अमेरिकेत नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरील मुलांविषयीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. गृहपाठाला थेट मदत केल्याने गुण वाढल्याचे त्यांना आढळले नाही. शिक्षणाचे मोल मुलाला पटवणे, वर्गातले आजूबाजूच्या जगाशी जोडून दाखवणे, पुढे काय करायचे याविषयी मुलाशी बोलणे यांचा संबंध मात्र यशाशी सर्वांत पक्का निघाला. जे मूल मागे पडते त्यालाच घरी जास्त मदत होते, त्यामुळे गृहपाठाच्या आकड्यांवरून मदत वाईट असे म्हणता येणार नाही. ती पुरेशी नाही, एवढे खरे.

याचा एक अर्थ पालकसभांमध्ये क्वचितच सांगितला जातो. ज्या आईवडिलांची स्वतःची शाळा चौथीत सुटली, त्यांच्याही हातात मुलाच्या शिक्षणाचा मोठा भाग असतो. अपूर्णांकांचा भागाकार त्यांना येत नसेल. पण वेळेवर जेवण, वेळेवर झोप, शाळा न बुडू देणे, ‘आज काय झालं वर्गात’ असे विचारून उत्तर पुरते ऐकून घेणे, यासाठी पदवी लागत नाही.

सुरुवात शाळेच्या आधीच होते. पहिलीत येणाऱ्या मुलाला अक्षरे येतात की नाही यापेक्षा त्याच्याजवळ शब्द किती आहेत, ते मोडकीतोडकी का होईना गोष्ट सांगू शकते का, दोन सूचना लक्षात ठेवून तेवढे काम करते का, हे महत्त्वाचे असते. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरवले जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात निरनिराळे टेबल मांडलेले असतात. एकीकडे मूल उड्या मारते, एकीकडे वस्तूंची वर्गवारी करते, चित्र पाहून बोलते, खडे मोजते. शेजारी आईला हेच घरी कसे करून घ्यायचे ते दाखवतात. वाडीवस्तीवर मातांचे गट होतात आणि उपक्रमांची छोटी कार्डे त्यांना मिळतात. भाजी निवडताना शेंगा मोजायच्या, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायच्या, अशी ही कामे. यात नवे फार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने वापरली होती. महागडी शैक्षणिक खेळणी आणणाऱ्या शहरी घरांनी हे एकदा पाहावे. तीन वर्षांच्या मुलाला लागते ते बोलणारे माणूस, आणि ते डब्यातून मिळत नाही.

पहिली ते तिसरी या वर्षांत वाचन पक्के झाले नाही, तर पुढचा सगळाच डोलारा कलंडतो. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण याच प्रश्नावर नेमके बोट ठेवते. सर्वेक्षक घरी जातो आणि मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतो. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये जेमतेम निम्मे होते. महासाथीनंतर २०२२ मध्ये ते ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले. ही मुले शाळेत जात होती, वरच्या वर्गात ढकलली जात होती, आणि त्यांच्या प्रगतीपुस्तकातही बहुधा बरे शेरे होते. म्हणून पालकाने आपली तपासणी स्वतः करावी. मुलाने आधी न वाचलेला दुसरीचा धडा त्याच्यापुढे ठेवावा आणि वाचायला सांगावे. पाठ झालेला धडा मूल पुस्तक उलटे धरूनही म्हणते, तेव्हा धडा नवाच हवा. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे दुसऱ्या माध्यमाच्या किंवा खालच्या इयत्तेच्या पुस्तकासाठी दुकानात जावे लागत नाही.

वाचन अडते ते बहुधा जोडाक्षरांवर आणि काना-मात्रांच्या गर्दीत. तेथे मुलाला प्रत्येक चुकीला थांबवले तर वाक्याचा अर्थ हरवतो आणि वाचनाची धास्ती बसते. परिच्छेद संपू द्यावा, मग अडलेले दोन-तीन शब्द पुन्हा पाहावेत. पालकाने स्वतः वाचून दाखवणेही मुलाला वाचता येऊ लागल्यावर बंद पडता कामा नये. आठ वर्षांचे मूल स्वतः वाचते त्यापेक्षा अवघड गोष्ट ते ऐकून समजू शकते, आणि नवे शब्द त्या ऐकण्यातूनच येतात. ज्या घरात कोणालाच वाचता येत नाही तेथे आजी गोष्ट सांगते आणि मूल ती दुसऱ्या दिवशी कोणाला तरी पुन्हा सांगते. भाषेच्या दृष्टीने हा उपक्रम कमी प्रतीचा मुळीच नाही.

गणितात पालकांची मदत कधी कधी उलटी पडते. एरिन मॅलनी, सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्षभर मागोवा घेतला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतः गणिताला घाबरणारे आईवडील जेव्हा वारंवार गृहपाठाला बसत, तेव्हा त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकत आणि वर्षाअखेर त्यांच्याही मनात गणिताची भीती अधिक असे. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य सहानुभूतीने उच्चारले जाते आणि मुलाला सुटका वाटते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असा त्याचा अर्थ मूल मनाशी लावते.

मराठी मुलापुढे एक खास अडचण असते. ‘पंचवीस’ ऐकताना आधी पाच येतात आणि मग वीस; लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच लिहायचे. त्यामुळे पहिली-दुसरीत २५ च्या जागी ५२ लिहिणारी मुले सर्रास आढळतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. संख्येची ओळख आधी सोपी व्हावी आणि रूढ नावेही शिकवावीत, अशी गणिततज्ज्ञ मंगला नारळीकर यांची बाजू होती. मराठी मोडीत काढली जाते आहे, असा आक्षेप होता. वाद भाषेच्या अभिमानावर गेला आणि मुलाची अडचण बाजूला पडली. घरी काम करणाऱ्या पालकाला दोन्ही पद्धती वापरायला कोणाचीच बंदी नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडून ‘दोन दहा आणि पाच, म्हणजे पंचवीस’ असे म्हटले की, चूक आठवडाभरात कमी होऊ लागते. ५२ लिहिणारे मूल ढ नसते. त्याने ऐकलेले इमानाने लिहिलेले असते.

पाढ्यांबद्दलही दोन टोके दिसतात. आधीची पिढी पावकी-निमकीपर्यंत घोकत असे, आताची काही घरे घोकणे हा शब्दच वाईट मानतात. दहापर्यंतचे पाढे तोंडावर असले की डोके उरलेल्या विचाराला मोकळे राहते, म्हणून ते पाठ हवेतच. मात्र सात आठे छप्पन्न म्हणजे आठ-आठच्या सात रांगा हे एकदा चिंचोक्यांनी मांडून पाहिल्यानंतर पाठांतर करावे. किराणा दुकानातली उरलेली मोड मोजणे, पोळ्यांच्या कणकेचे माप घेणे, एसटीच्या वेळापत्रकावरून प्रवासाचे तास काढणे ही गणिते पुस्तकातल्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहतात.

गृहपाठाला बसताना पालकाने उत्तर देण्याचा मोह आवरणे हे सर्वांत अवघड काम. मूल अडले की ‘प्रश्नात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग’ एवढे म्हणावे. निम्म्या वेळा गाठ तेथेच सुटते. तरीही जमले नाही तर वहीत ‘हे समजले नाही’ असे लिहून शाळेत पाठवावे. नीटनेटका, संपूर्ण आणि आईच्या हस्ताक्षराच्या वळणाचा गृहपाठ पाहून शिक्षकांना वाटते की वर्गाला धडा समजला, आणि ते पुढे जातात. प्रकल्पांची गोष्ट तर बोलायलाच नको. थर्माकोलचे गड-किल्ले आणि छापील चित्रांच्या वह्या यांत मुलाचा हात कितीसा असतो, हे शाळेलाही माहीत असते आणि पालकांनाही.

अभ्यासाच्या पद्धतीबाबत मानसशास्त्राने काही गोष्टी पुरेशा स्पष्ट केल्या आहेत. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवले की, पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने विसरते आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी ते टिकवते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहून पाहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, आठवड्याने दुसरा. म्हणून रंगीत पेनांनी पुस्तक रंगवणाऱ्या मुलापेक्षा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहिणाऱ्याचा अभ्यास पक्का होतो, जरी त्याला स्वतःला तसे वाटत नसले तरी. पालकाला यात मदत करता येते, आणि तीही विषय न येता: हातात पुस्तक धरायचे आणि मुलाला न बघता सांगायला लावायचे.

कौतुक कसे करावे, यावरही प्रयोग झाले आहेत. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशार म्हटलेली मुले लवकर खचली, आणि आपले गुण इतरांना कळवताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. नंतरच्या काळात मेहनतीलाच दाद देण्याच्या या विचारसरणीचे फार स्तोम माजले आणि तिचे परिणाम वाटले तेवढे मोठे नसतात, हेही दिसून आले. तरी एक व्यवहारी सूचना टिकून राहते. ‘दुसऱ्या गणितात तू रीत बदलून पाहिलीस, ते चांगलं केलंस’ असे नेमके कौतुक मुलाला पुढच्या वेळी उपयोगी पडते. शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशी केलेली तुलना कधीच नाही.

झोपेकडे होणारे दुर्लक्ष हा महाराष्ट्रातल्या घरांचा जुना दोष आहे. पहाटे उठवून अभ्यास करून घेण्याचे कौतुक होते. रात्री कधी झोपले, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संघटनेने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्यांना आठ ते दहा तास झोप सुचवली आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे सांगितले, त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचेच कारण होते. मात्र शाळा उशिरा भरली आणि घरातली मालिका रात्री अकरापर्यंत चालली, तर हिशेब तिथेच राहतो. मोबाइलचेही तसेच. मुलाचा मोबाइल काढून घेऊन वडील त्याच खोलीत रील पाहत बसले, तर नियम दोन दिवस टिकतो. अभ्यासाच्या तासाभरात घरातले सगळे फोन एका फडताळात ठेवणे जास्त चालते. एका खोलीच्या घरात वेगळी अभ्यासिका कोठून येणार? पण ठरलेली वेळ, ठरलेला कोपरा आणि तेवढा वेळ बंद राहणारा टीव्ही, इतके बहुतेकांना साधते.

माध्यमाचा निर्णय बहुतेक घरे तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत घालतानाच घेऊन टाकतात आणि त्याचे ओझे दहा वर्षे वाहतात. ज्या घरात इंग्रजी कोणीच बोलत नाही, तेथील मूल इंग्रजी शाळेत पहिली काही वर्षे भाषाच समजून घेण्यात घालवते, आणि पालकही शाळेच्या सूचना वाचू शकत नाहीत. मग शिकवणी ही गरज होऊन बसते. सेमी इंग्रजी वर्गांनी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे मराठीतून, एक मधला मार्ग काढला आहे. मूल आधीच इंग्रजी शाळेत असेल तरी घरी मराठीतून समजावणे थांबवू नये. बाष्पीभवन एकदा मराठीत कळले की इंग्रजी शब्द त्यावर चढवायला वेळ लागत नाही. उलट मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलणारे घर त्याला एकही भाषा पुरी देत नाही.

शाळेशी संबंध निकालाच्या दिवशी सही करण्यापुरता ठेवणे तोट्याचे. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. खासगी शाळांतही पालक-शिक्षक संघाला शुल्काच्या प्रश्नात कायद्याने स्थान आहे. पण रोजच्या कामाचे म्हणजे वर्गशिक्षकांची भेट. ‘आमचा कसा आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे, जरा लक्ष द्या’ हेच उत्तर मिळते. वर्गात कोणाजवळ बसतो, फळ्यावरचे उतरवून घेतो का, कोणत्या विषयाच्या तासाला गप्प होतो, मधल्या सुट्टीत एकटा असतो का, असे विचारले तर सर किंवा बाई थांबून बोलतात. शिक्षकांविषयीची तक्रार मुलासमोर करू नये. शाळेत जाऊन मात्र जरूर करावी. मारहाण होत असेल तर कायद्याने ती निषिद्ध आहे आणि ती सहन करण्यात कसलाही विनय नाही.

काही मुलांची अडचण आळसाची नसतेच. फळ्यावरचे दिसत नाही, हे मूल क्वचित सांगते, कारण सगळ्यांना तसेच दिसते अशी त्याची समजूत असते. म्हणून गुण अचानक घसरले की आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तोंडी उत्तरे चटकन देणारे, पण तिसरी-चौथीतही अक्षरे उलटसुलट लिहिणारे किंवा वाचताना सतत अडखळणारे मूल अध्ययन अक्षमतेचे असू शकते. १९९६ पासून महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता देशभर मान्य केली. प्रमाणपत्रासाठी लागणारी तपासणी मुंबईत शीव, नायर यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत होते. तोवर ‘लक्षच देत नाही’ म्हणून खाल्लेला मार मुलाच्या वाट्याला येऊन गेलेला असतो, म्हणून तपासणी नववीची वाट न पाहता करावी.

जे आईवडील सहा महिने घरीच नसतात, त्यांचा प्रश्न आणखी निराळा. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारा प्रत्येक ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुलाला बरोबर न्यायचे की गावी ठेवायचे, हा निर्णय दर हंगामात घेतो. बरोबर नेलेल्या मुलाची अर्धी शाळा फडात जाते. हंगामी वसतिगृहाच्या व्यवस्थेत मूल गावीच आजी-आजोबांजवळ किंवा शाळेच्या आधाराने राहू शकते. ऊसतोडीला जाण्याच्या आधीच ती मुख्याध्यापकांकडे मागून घ्यावी लागते. बरोबर न्यायचेच असेल तर कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना ठाऊक असले पाहिजे. रात्री कोपीवरून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, केलेला दहा मिनिटांचा फोन आणि त्यात विचारलेला आजच्या वर्गाचा एक प्रश्न, हेही लक्ष देणेच असते.

आठवीनंतर पालकाची जागा बदलते. चौदा-पंधराव्या वर्षी वही तपासणारा हात मुलाला नकोसा होतो, आणि तसा तो व्हावाही. या वयात वेळापत्रक मुलाने स्वतः करावे आणि ते मोडले तर काय, एवढे पालकाने बोलून ठेवावे. क्लासची निवडही जाहिरातीतल्या टक्क्यांवरून करण्यात अर्थ नसतो. शाळा, क्लास आणि प्रवास धरून दिवसातले किती तास स्वतः बसून अभ्यासाला उरतात, हे मोजावे. दोन तासही उरत नसतील तर क्लासच अभ्यासाच्या आड येतो. ‘अपेक्षित’ प्रश्नसंच शेवटच्या महिन्यात सरावाला बरे. वर्षभर त्यावरच राहिलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातला साधा उपयोजनाचा प्रश्नही परका वाटतो.

दहावीच्या निकालाची चर्चा घरात निकालाआधीच व्हावी, शांतपणे आणि सर्व शक्यतांसह. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो, आणि पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते. शाळा मध्येच सुटलेल्यांना खासगीरीत्या परीक्षेला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही खुला आहे. आयटीआयच्या अनेक अभ्यासक्रमांना दहावी उत्तीर्ण एवढीच अट असते, तर काहींना तीही नसते. हे सारे मुलाला आधीच माहीत असेल, तर निकालाच्या दिवशी त्याला घरी यायला उशीर होणार नाही.